जॉन हाउलंड दोरीला लटकला हे खरं, पुढचं तपासून घ्या

इंग्लंडहून अमेरिकेत वस्ती करायला निघालेल्या लोकांच्या मेफ्लॉवर जहाजावरच्या जॉन हाउलंडची गोष्ट सध्या पुन्हा फिरते आहे. ती साधारण अशी: १६२० साली एक गरीब नोकर वादळात समुद्रात पडला आणि हाती दोरी लागली म्हणून वाचला. अमेरिकेत पोचल्यावर त्याने गव्हर्नरच्या नातीशी लग्न केलं, गव्हर्नरची इस्टेट मिळवली. माणसं पस्तिशीत मरत त्या काळात त्याची दहाच्या दहा मुलं जगली आणि आज वीस लाख अमेरिकन त्याचे वंशज आहेत. ती दोरी सुटली असती तर रूझवेल्ट नसते, बुश नसते.

समुद्रात पडल्याचा भाग खरा आहे. या प्रवाशांनी अमेरिकेत वसवलेल्या प्लिमथ वसाहतीचा पुढचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने तो स्वतः लिहून ठेवलाय. हा धट्टाकट्टा तरुण काही कामानिमित्त वर डेकवर आला, जहाज कललं, तो बाहेर फेकला गेला. शिडाची दोरी पाण्यात लोंबत होती, ती त्याने पकडली आणि पाण्याखाली जाऊनही सोडली नाही. पुढे आकडा लावून त्याला वर ओढलं. गोष्टीचा भक्कम भाग इथे संपतो.

गव्हर्नरची नात. पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर. हाउलंड त्याच्याच पदरी होता. कार्व्हर आणि त्याची बायको १६२१ साली पाठोपाठ गेले, मागे मूल नव्हतं. तरी हाउलंडची बायको एलिझाबेथ ही कार्व्हरची मुलगी किंवा नात, असं कित्येक पिढ्या सांगितलं जात होतं. यात कुणाचा लबाडपणा नव्हता. ब्रॅडफर्डच्या ज्या हस्तलिखितात खरं उत्तर होतं, तेच अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत बॉस्टनमधून नाहीसं झालं होतं. १८५५ साली ते लंडनच्या बिशपच्या फुलहॅम इथल्या ग्रंथालयात सापडलं, १८५६ साली छापलं गेलं. त्यात ब्रॅडफर्डने १६५१च्या सुमारास मांडलेला हिशोब आहे: जहाजावरून कोण आलं, कोण मेलं, कुणाला किती मुलं झाली. हाउलंडने जॉन टिलीच्या मुलीशी, एलिझाबेथशी लग्न केलं, दोघं हयात आहेत, दहा मुलं आहेत, थोरलीला चार आणि दुसरीला एक मूल आहे, म्हणजे या दोघांपासून पंधरा जण झाले. समकालीन माणसाने, शेजाऱ्याने लिहिलेलं. याहून चांगला पुरावा वंशावळीच्या कामात सहसा मिळत नाही. पण छापून पावणेदोनशे वर्षं होत आली तरी कार्व्हरची नात काही मरत नाही! इस्टेटीचं म्हणाल, तर कार्व्हरला वारस नव्हता म्हणून ती हाउलंडला मिळाली असणार, असा तो अंदाज आहे. त्यासाठी कुणी मृत्युपत्र दाखवत नाही.

‘गरीब नोकर’ हे शब्दही जपून वापरायला हवेत. तो कार्व्हरच्या पदरी होता, पण मेफ्लॉवर करारावर, म्हणजे वसाहतीचा कारभार कसा चालवायचा याच्या जहाजावरच केलेल्या करारावर, सही करणाऱ्या ४१ पुरुषांत त्याचं नाव आहे. १६२७ साली वसाहतीचं कर्ज अंगावर घेणाऱ्या मोजक्या माणसांत तो होता, पुढे गव्हर्नरच्या सहायकांपैकी एक झाला. १६३४ साली केनेबेक नदीवरच्या व्यापारी ठाण्याचा तो प्रमुख होता. हॉकिंग नावाचा दुसऱ्या वसाहतीचा माणूस हक्क नसताना नदीत वर शिरला, तेव्हा हाउलंडने त्याच्या होडीचा दोर कापायला माणसं पाठवली. हॉकिंगने त्यातल्या मोझेस टॅलबटला गोळी घालून ठार केलं, लगेच टॅलबटच्या साथीदाराने हॉकिंगला. दोन मुडदे पडलेल्या या प्रकरणाचा प्रेरणादायी गोष्टीत उल्लेख नसतो, यात नवल नाही.

आता दहा मुलं. पस्तिशीत मरण्याची कल्पना सरासरीच्या आकड्यातून येते. तान्ह्या मुलांचे मृत्यू तो आकडा खाली ओढतात. प्लिमथमध्ये विशी ओलांडलेला पुरुष सत्तरीच्या जवळ जाणं सर्वसाधारण होतं. बायकांचं आयुष्य बाळंतपणांमुळे त्याहून कमी. थंड हवा, विखुरलेली शेतं, व्हर्जिनियासारखा हिवताप नाही. सात-आठ मुलं घरोघरी होती, दहा हा काही चमत्कार नाही. हाउलंडांची दहाही मुलं मोठी झाली आणि सगळ्यांची लग्नं झाली हे नशीब म्हणू. पण संख्या मोठी व्हायला साधं कारण होतं. पहिल्या हिवाळ्यात १०२ पैकी जवळजवळ निम्मे प्रवासी मेले, प्रौढ बायका तर पहिल्या सुगीपर्यंत चारच उरल्या. अशा वस्तीत एलिझाबेथचं लग्न सोळा-सतराव्या वर्षी झालं आणि पुढे सुमारे पंचवीस वर्षं बाळंतपणं चालू राहिली.

ही एलिझाबेथ फिरत्या गोष्टीत फक्त ‘कुणाची तरी नात’ म्हणून येते. बेडफर्डशरमधल्या हेन्लो गावी ऑगस्ट १६०७ मध्ये तिचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे जहाजावर ती तेरा वर्षांची. त्या एका हिवाळ्यात तिचे आई, वडील, काका, काकू सगळे गेले. दोरीला लटकलेल्या माणसापेक्षा तिच्या जगण्याची शक्यता फार जास्त होती असं मला वाटत नाही. चमत्कार हवाच असेल तर तिचा सांगा.

वीस लाख वंशज हा अंदाज आहे, कुणी डोकी मोजलेली नाहीत. वंशज प्रचंड आहेत आणि रूझवेल्ट, बुश त्यांत आहेत, हे मान्य. पण आजच्या माणसापासून बारा पिढ्या मागे गेलं की त्या एका पिढीत पूर्वजांच्या ४,०९६ जागा होतात. हाउलंड त्यातली एक. ‘दोरी सुटली असती तर’ हा प्रश्न उरलेल्या ४,०९५ जणांबद्दलही विचारता येतो, फक्त त्यांच्या गोष्टी ब्रॅडफर्डने लिहिल्या नाहीत.

आणि आडनाव हाउलंड म्हणजे जॉनचा वंशज, हे तर सरळ चूक. त्याचे भाऊ हेन्री आणि आर्थर हेही प्लिमथ वसाहतीत आले, त्यांचेही वंश वाढले. उलट जॉनच्या दहा मुलांपैकी सहा मुली: गोरहॅम, चिपमन, डिकिन्सन, ब्राउन, बॉझवर्थ, कुशमन अशा घरांत गेल्या. आपल्या जुन्या कुळवृत्तांतांत मुलींची शाखा लग्नापाशी तुटते, तसं इथे केलं तर निम्म्याहून अधिक कुटुंब हरवतं. १६७२च्या मृत्युपत्रात त्याने मुलग्यांना जमीन आणि मुलींना प्रत्येकी वीस शिलिंग दिले. मुलींची सासरची नावं त्यामुळे कागदावर राहिली, शोधणाऱ्याला ते वीस शिलिंग मोलाचे.

मृत्यूची तारीखही कुठे फेब्रुवारी १६७२ दिसेल, कुठे १६७३. दोन्ही एकच, तेव्हा इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलत असे. मेफ्लॉवर वंशजांच्या संस्थेत नाव नोंदवायचं तर प्रत्येक पिढीचा जन्म, विवाह, मृत्यू कागदानिशी दाखवावा लागतो. पहिल्या पाच पिढ्यांसाठी संस्थेने स्वतःच खंड छापले आहेत. शोध तिथून सुरू करावा.