‘आईला सोसलं, मग मुलालाही सोसेल’: सांगलीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सांगलीकर, नमस्कार.

ॲझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी. काहींच्या जनुकांमुळे ती रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणते, म्हणून ती सुरू करण्याआधी जनुकीय तपासणी करून घ्यावी, असं मी लिहिलं आणि तुम्ही चांगलेच चिडलात. चिडा, हरकत नाही. मुद्दे घेऊन चिडलायत. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमच्या बहिणीला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह आहे. ती वर्षानुवर्षं ही गोळी घेते, जनुकं-बिनुकं कोणी तपासली नाहीत, आणि तब्येत उत्तम आहे. आता तिच्या मुलाला क्रोन्सचं (हाही आतड्याच्या दाहाचाच आजार) निदान झालंय आणि त्यालाही हीच गोळी सुरू व्हायची आहे. तुमचं म्हणणं असं की आईला सोसलं म्हणजे मुलालाही सोसेल, सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) करत राहिलं की झालं, हॉलंडमधल्या मोठ्या अभ्यासात या तपासणीने काडीचा फरक पडला नाही, आणि ‘शेवटी तुम्ही लॅबवाल्या, तपासण्या विकणारच’.

शेवटचं आधी निकालात काढू. ही तपासणी माझ्या लॅबमध्ये होत नाही. सॅम्पल कुरिअरने मोठ्या शहरात जातं आणि त्यातून माझा चहासुद्धा निघत नाही. उलट तुमचा सल्ला लोकांनी मनावर घेतला आणि दर आठवड्याला सीबीसीला यायला लागले, तर गल्ला माझाच भरेल!

आता हॉलंड. 2015 साली प्रसिद्ध झालेला तो अभ्यास तुम्ही खरंच वाचलाय, हे तुमच्या लिहिण्यातून कळतं. आतड्याच्या दाहाचे 783 रुग्ण. निम्म्यांची टीपीएमटी या जनुकाची तपासणी करून डोस ठरवला, बाकीच्यांना नेहमीसारखा डोस दिला. पांढऱ्या पेशी घसरण्याचं प्रमाण एकीकडे 7.4 टक्के, दुसरीकडे 7.9. म्हणजे फरक नाही, असं तुम्ही म्हणता. बरोबर. पण त्याच अभ्यासात पुढे ज्यांच्या जनुकात बदल होता त्यांचा वेगळा हिशेब दिलाय. तपासून डोस कमी केलेल्यांत पेशी घसरल्या 2.6 टक्के लोकांच्या, न तपासलेल्यांत 22.9 टक्के. असे लोक दहात एक. पेशी घसरण्याच्या बाबतीत उरलेल्या नऊ जणांना तपासणीने फायदाही नाही आणि तोटाही नाही, त्यामुळे सगळ्यांची सरासरी काढली की त्या एकाचा फायदा विरघळून जातो. तुमचा भाचा सरासरी नाही. तो त्या नवांतला आहे की तो एक आहे, हे आपल्याला माहीत नाही, एवढंच.

आणि हॉलंडचा आकडा आपल्याला जसाच्या तसा लागूही होत नाही. ॲझाथायोप्रिन शरीरात गेली की तिचं मर्कॅप्टोप्युरिन होतं आणि त्यातून पुढे जे पदार्थ तयार होतात ते विभागणाऱ्या पेशींच्या डीएनएत घुसतात. रोग आटोक्यात येतो तो या पदार्थांमुळेच, आणि रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा दबते तीही त्यांच्यामुळेच. टाकीला दोन निचरे असावेत तशी यात दोन एन्झाइमं आहेत, आणि ती बनवणाऱ्या जनुकांची नावंही तीच. टीपीएमटी औषधाचा काही भाग आधीच दुसऱ्या वाटेला लावतं. एनयूडीटी15 तयार झालेला मारक पदार्थ निष्प्रभ करतं. युरोप-अमेरिकेत बिघाड सापडतो तो बहुतेक पहिल्यात. त्यामुळे 1980 पासून, म्हणजे मेयो क्लिनिकच्या रिचर्ड वाइनशिलबॉम यांनी लोकांच्या तांबड्या पेशींतलं टीपीएमटी मोजलं तेव्हापासून, सगळी चर्चा टीपीएमटीभोवतीच फिरत राहिली. कोरियात मात्र कोडं पडलं होतं. तिथे टीपीएमटीचा बिघाड क्वचितच, तरी पेशी धडाधड खाली येण्याचं प्रमाण जास्त. कोरियन संशोधकांनी क्रोन्सच्या रुग्णांत शोध घेतला आणि 2014 मध्ये एनयूडीटी15 हाती लागलं. आपल्याकडच्या अभ्यासांतही टीपीएमटीपेक्षा याचेच बदल जास्त दिसतात. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. बदललेली एक प्रत बाळगणारा माणूस साधारण आठ-दहांत एक, आणि दोन्ही प्रती बदललेला काही शेकड्यांत एखादा. पुढे कोरियातच ही जनुकं आधी तपासून डोस ठरवण्याचा प्रयोग झाला. तिथे पेशी घसरण्याचं प्रमाण सुमारे 36 टक्क्यांवरून 17 टक्क्यांवर आलं. तुम्ही हॉलंडला गेलात, तसं जरा कोरियालाही जाऊन या.

‘काही शेकड्यांत एखादा’ हे ऐकायला किरकोळ वाटतं. तो एखादा समोर येतो तेव्हा कसा दिसतो ते सांगते; ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. कॉलेजला जाणारी मुलगी, ल्युपससाठी (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) हीच गोळी सुरू होऊन महिना व्हायचा होता. वडील म्हणाले, ताप येतोय, डेंग्यू बघा. मी तिच्याकडे पाहिलं तर डोक्याला ओढणी, आणि ती सरकली तेव्हा टाळू दिसली. केस विंचरताना नुसते गळत नव्हते, पुंजक्यांनी हातात येत होते, आणि घरी शाम्पू बदलून झाला होता. पांढऱ्या पेशी अकराशेच्या खाली. स्लाइडवर न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) शोधायला फील्डमागून फील्ड सरकवत होते. शंभर पेशी मोजायच्या असतात, पन्नास मोजून थांबावं लागलं. ॲझाथायोप्रिन सुरू होऊन दोन-चार आठवड्यांत असे केस जाणं ही एनयूडीटी15 च्या दोन्ही प्रती बिघडल्याची खूण आहे. सहसा पेशी आणि केस बरोबरच जातात. आणि वडिलांच्या फाइलमध्ये एका लॅबचा जनुकीय रिपोर्ट होता: ‘नॉर्मल’. त्यात तपासलं होतं फक्त टीपीएमटी.

मुलगी वाचली. दवाखान्यात राहावं लागलं, केसही परत आले. म्हणून म्हणते, ‘तपासणी केली का’ हा अर्धाच प्रश्न. कोणतं जनुक तपासलं, हे रिपोर्ट हातात घेऊन वाचा. टीपीएमटीसुद्धा एन्झाइमची पातळी मोजून बघितली असेल आणि रुग्णाला नुकतंच रक्त चढवलेलं असेल, तर तुम्ही मोजताय ते दात्याचं एन्झाइम.

सीबीसीबद्दल तुमचं माझं भांडणच नाही. पहिला महिना दर आठवड्याला, पुढचे दोन महिने पंधरा दिवसांनी, मग महिन्याने: असं पाळणारा रुग्ण जनुक न तपासताही बऱ्यापैकी सुरक्षित असतो. पण प्रत्यक्षात काय होतं? चिठ्ठीवर ‘एक महिन्याने या’ असतं, मधल्या सीबीसीचा उल्लेख असला तरी सुगी असते, नाहीतर परीक्षा असते. बरं, सीबीसी सांगते ते पेशी घसरल्यावर. गोळी थांबवली तरी काही दिवस त्या आणखी खाली जात राहतात. जनुक तपासलं म्हणून मात्र सीबीसी सोडायची नाही, हे मी मूळ लेखातही लिहिलं होतं. पेशी घसरलेल्यांपैकी बऱ्याच जणांची दोन्ही जनुकं ठीकठाक असतात. कधी विषाणूचा संसर्ग असतो, कधी दुसरं औषध. युरिक ॲसिडसाठी कोणी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट लिहिलं आणि ॲझाथायोप्रिनचं त्यांना सांगायचं राहिलं, तर उत्तम जनुकं असलेला माणूसही आडवा होतो, कारण वरच्या दोन निचऱ्यांशिवाय मर्कॅप्टोप्युरिनचा आणखी एक, तिसरा निचरा असतो आणि तो ही औषधं बंद करतात. हे कुठलाही जनुकीय रिपोर्ट तुम्हाला सांगणार नाही.

‘शंभर औषधांसाठी तुमचा डीएनए’ अशा पॅकेजांवर तुम्ही आगपाखड केलीय, ती मला मंजूर आहे. गोळी ठरलेली नाही, आजार ठरलेला नाही, आणि रंगीत तक्त्याचे पैसे मोजायचे, हे मी माझ्या घरात करणार नाही.

ॲझाथायोप्रिनचं वेगळं आहे, कारण उत्तरावर पुढचं पाऊल लगेच ठरतं. दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या तर ही गोळी नकोच, दुसरं औषध. एक बिघडलेली असेल तर कमी डोसने सुरुवात आणि जपून वाढ. आणि दोन्ही जनुकं स्वच्छ असतील तर त्याचाही उपयोग आहे, आणि तो कोणी सांगत नाही. आपल्याकडे भीतीपोटी 50 मिलिग्रॅमवर सुरू केलेला डोस वजनाप्रमाणे वाढतच नाही. साठ किलोच्या माणसाला सव्वाशे-दीडशे लागतात, तो पन्नासवर राहतो. मग ‘गोळी लागू पडली नाही’ म्हणून महागड्या बायोलॉजिकल इंजेक्शनांची भाषा सुरू होते, आणि त्यांच्या किमतीचे आकडे तुम्हाला माहीत असतीलच.

आता तुमचा भाचा. बहिणीला इतकी वर्षं पूर्ण डोस सोसला, म्हणजे तिच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या नसणार, इतपत म्हणता येतं. एक बिघडलेली असू शकते. असे बरेच जण डोस सावकाश वाढवला की निभावून नेतात. पण मुलाला आईकडून एकच प्रत मिळते. दुसरी वडिलांकडून येते, आणि तुमच्या भावोजींनी ही गोळी कधी घेतलेली नाही. आईकडची बिघडलेली आणि वडिलांकडचीही बिघडलेली, असं जमलं तर आईची इतकी वर्षं मुलाच्या काहीच कामाची नाहीत.

बहिणीची तपासणी आता करू नका, पैसे वाया जातील. तिची गोळी इतक्या वर्षांत स्थिरावलीय, त्यामुळे दर तीन महिन्यांनी सीबीसी आणि लिव्हरची तपासणी चालू ठेवा. भाच्याचं सॅम्पल मात्र पहिली गोळी पोटात जायच्या आधी द्या आणि मागणीच्या कागदावर टीपीएमटी व एनयूडीटी15 ही दोन्ही नावं डॉक्टरांकडून लिहून घ्या. रिपोर्टला आठ-दहा दिवस लागले तरी घाबरू नका. ही गोळी असर दाखवायलाच दोन-तीन महिने घेते आणि तोवर स्टेरॉइडवरच भागवायचं असतं. रिपोर्ट आला की मला पाठवा. आणि तो कधी युरिक ॲसिडची गोळी घेतो का, तेही विचारून ठेवा.