‘जशी आहे तशी’ लिहून दिले, म्हणून फसवणूक माफ होत नाही

जुन्या गाड्यांच्या खरेदीविषयीचा एक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. स्टँपपेपरवर ‘गाडी जशी आहे तशी घेतली’ असे लिहून सही केली की विषय संपला, ग्राहक न्यायालय सेकंडहँड वस्तूंची तक्रार घेतच नाही, सात दिवसांत बोलला नाहीत तर हक्क बुडाला आणि वाद मिटेपर्यंत आरसी (गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र) नावावर करून घेऊ नका, अशी चार ‘कायदेशीर सत्ये’ त्यात ठोकून दिलेली आहेत. ती वाचून माझ्या पुतण्याने हात टेकले, म्हणून हे लिहिणे भाग पडले. गाड्यांचा धंदा करणाऱ्या एका विक्रेत्याने ‘सिंगल ओनर, पाणी न लागलेली’ म्हणून त्याला गाडी विकली होती. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला तेव्हा शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची रेघ दिसली. सीटखालचे बोल्ट गंजून तांबडे झाले होते. वरचे सीटकव्हर मात्र कोरे करकरीत.

या चारांत स्टँपपेपरचा दावा सर्वांत घातक आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य करावे लागते. वस्तू-विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार मालाच्या दर्जाची जी हमी न लिहिताही गृहीत धरली जाते, ती दोन्ही पक्षांना कलम ६२ खाली आपसांतील कराराने वगळता येते. शिवाय गाडी तपासून घेतली असेल, तर त्या तपासणीत दिसायलाच हवा होता अशा दोषाबद्दल, म्हणजे झिजलेल्या टायरबद्दल किंवा दारावरच्या पोच्याबद्दल, नंतर ओरड करून उपयोग नाही. परंतु हमी वगळणे वेगळे आणि खोटे बोलून सही घेणे वेगळे. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम १७ माहीत असलेली गोष्ट सक्रियपणे दडवणे यालाही ‘कपट’ म्हणते, आणि कपटाने मिळवलेल्या संमतीवर उभा असलेला करार कलम १९ नुसार फसवल्या गेलेल्या पक्षाला रद्द करता येतो. संमतीच कपटाने घेतलेली असेल, तर त्याच संमतीने केलेल्या सहीचा आडोसा विक्रेत्याला कसा मिळावा? ‘तुम्ही नीट बघून घ्यायला हवे होते’ हा बचाव त्याच कलमात फसवण्याच्या हेतूविना केलेले चुकीचे निवेदन आणि कपटी मौन यांच्यापुरताच ठेवलेला आहे. गाळ पुसून, नवी कव्हरे चढवून ‘पाणी लागलेले नाही’ असे ठासून सांगणाऱ्याच्या तो कामाचा नाही.

ग्राहक आयोग, म्हणजेच बोलीभाषेतले ग्राहक न्यायालय, जुन्या वस्तूंची तक्रार घेत नाही, हे तर धादांत खोटे आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील ‘वस्तू’ या व्याख्येत सर्व प्रकारची जंगम मालमत्ता येते, नवी-जुनी असा भेद तिथे नाही. उलट जुनी वस्तू नवी म्हणून खपवणे ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे तोच कायदा सांगतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही आणि तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्याच जिल्हा आयोगात ती दाखल करता येते, त्यामुळे विक्रेत्याच्या गावी खेटे घालण्याची गरज उरत नाही. विक्रेत्याची मूळ जाहिरात, मोबाइलवरील संदेश आणि सर्व्हिस सेंटरमधील गाडीची जुनी नोंद एवढे मात्र आधी जपून ठेवावे.

सात दिवसांची मुदत कोणी आणि कुठून काढली, हे देवच जाणे. आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. आरसी अडवून ठेवण्याच्या सल्ल्याने तर घेणाऱ्याचेच नुकसान होते, कारण हस्तांतर तीस दिवसांत कळवणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि विमा स्वतःच्या नावावर झालेला नसेल तर गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

गाडी शेजाऱ्याकडून किंवा नातेवाइकाकडून घेतलेली असेल, तर तो व्यापारी नसल्यामुळे ग्राहक आयोगाचा मार्ग सहसा बंद असतो, एवढे त्या संदेशाच्या बाजूने म्हणता येईल. तेव्हाही दिवाणी न्यायालय उघडे असते. तिथे मुदत साधारणपणे तीन वर्षांची असून, कपट झाले असेल तर ते उघडकीस आल्यापासून ती मोजली जाते.