नियमाप्रमाणे खेळणारे मामा

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आमच्या मराठवाड्यात म्हणतात. का म्हणतात, ते ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. माझ्यापुरतं कारण मला सापडलंय. हरायची वेळ आली की दोन्हीकडची माणसं नियमाचं बोट धरून सहीसलामत बाहेर पडतात. परभणी ही माझी सासुरवाडी.

आधी जर्मनी. १९८२ चा फुटबॉल विश्वचषक, स्पेन. अल्जेरियानं सलामीलाच पश्चिम जर्मनीला २-१ नं लोळवलं होतं. गटातला शेवटचा सामना जर्मनी-ऑस्ट्रियाचा, अन् अल्जेरियाचे सामने आदल्या दिवशीच संपलेले. जर्मनी थोडक्यात जिंकली की दोघंही पुढे, अल्जेरिया घरी. दहाव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला आणि मग उरलेला वेळ दोघांनी चेंडू असा फिरवला, जशी आहेरातली साडी. तक्रार झाली. पण नियम कुणी मोडलाच नव्हता!

मामांच्या कॅरमवर मी अल्जेरिया असतो.

मामा म्हणजे सासरे. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, त्यामुळं नियमाशिवाय शिंकतसुद्धा नाहीत. यंदा अधिक महिन्यात धोंडे खायला गेलो, तर चहाच्या आधी बोर्ड मांडलेला. ‘पंचवीस गुण किंवा आठ बोर्ड, जे आधी होईल ते. आंतरराष्ट्रीय नियम हाय, जावईबापू.’

सातव्या बोर्डाअखेर, म्हणजे सातव्या डावाअखेर, मामा दोन गुणांनी पुढे. तिथून खेळ थांबला आणि कामकाज सुरू झालं. पावडर उडती म्हणून पंखा बंद. परभणीत, ज्येष्ठात! मग चष्मा पुसणं. मग स्ट्रायकर धोतराला पुसणं, उजेडात धरून बघणं, पुन्हा पुसणं.

‘मामा, पंधरा सेकंदांत मारायचं असतं.’

‘घड्याळ कुणाकडं हाय?’

घड्याळ मेहुण्याकडं होतं. पंचही तोच. तो मोबाइलमध्ये बघायला लागला.

मी कुरकुरलो, तर मामांनी १९८१ काढलं. मेलबर्न, शेवटचा चेंडू, न्यूझीलंडला बरोबरीला षटकार हवा. ऑस्ट्रेलियाचा कप्तान ग्रेग चॅपलनं धाकट्या भावाला चेंडू जमिनीवरून सरपटत टाकायला लावला. ‘शिव्या खाल्ल्या, नियमबी बदलला नंतर. पण जिंकलेली मॅच परत घेतली का कुणी?’

शेवटी माझी पाळी आली. राणी घेतली. तिच्यामागोमाग घालायचं कव्हर भोकाच्या तोंडाशी, फुंकलं तरी पडेल असं. तेवढ्यात मामा आत बघून ओरडले, ‘अगं, वाढ की! धोंड्याच्या महिन्यात जावई उपाशी बसवायलीस का?’

‘मामा, एवढा एक शॉट...’

‘जावयाचा मान आधी. आठवा बोर्ड अर्धवट राहिला, म्हणजे सातव्यापर्यंतचे गुण धरायचे.’

हा नियम कुठल्या पुस्तकात आहे, हे विचारेपर्यंत मेहुण्यानं सोंगट्या डब्यात भरल्या होत्या.

निघताना सासूबाईंनी वाण दिलं. अनारसे मोजून ३३ द्यायची रीत. भरले बत्तीस.

‘एक म्या खाल्ला,’ मामा मिशी पुसत म्हणाले. ‘तपासल्याबिगर माल बाहेर सोडायचा नसतो.’