‘अमेरिकेने ग्वाटेमाला वाचवला’ या दाव्याला उत्तर

शीतयुद्धाचा विषय निघाला की मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला या देशाबद्दल एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचं सार असं: ‘१९५४ मध्ये ग्वाटेमाला रशियाच्या घशात चालला होता. तिथल्या कम्युनिस्ट राष्ट्राध्यक्षाने खासगी कंपनीच्या जमिनी लुबाडल्या, पूर्व युरोपातून शस्त्रं मागवली. जनतेने उठाव केला, अमेरिकेने त्याला थोडं बळ दिलं आणि देश वाचला. दुसरा मार्गच नव्हता.’ परक्या देशातलं सरकार पाडण्याचं समर्थन आजही अशाच मजकुरांवर उभं राहतं, म्हणून त्यातलं एकेक विधान तपासायला हवं.

‘राष्ट्राध्यक्ष कम्युनिस्ट होता, देश मॉस्कोच्या हातात होता’

हाकोबो आर्बेन्झ निवडणूक जिंकून १९५१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदावर आले. संसदेत कम्युनिस्ट पक्षाचे चार सदस्य होते, मंत्रिमंडळात एकही नव्हता. पक्षाचे नेते होसे मान्युएल फोर्तुनी हे आर्बेन्झ यांचे जवळचे मित्र होते, जमीनवाटपाच्या कायद्याच्या मसुद्यात त्यांचा हात होता आणि तो राबवणाऱ्या खात्यात पक्षाचे लोक होते, हे खरं आहे. ते लपवायचं कारण नाही. पुढे १९५७ मध्ये, परागंदा असताना, आर्बेन्झ स्वतः पक्षाचे सभासद झाले. पण मित्र कम्युनिस्ट असणं वेगळं आणि देश मॉस्कोच्या हुकमावर चालणं वेगळं. दावा या दुसऱ्या गोष्टीचा आहे, आणि तिचा पुरावा शोधायची पुरेपूर संधी सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेला मिळाली होती. सत्तांतर होताच तिची माणसं ग्वाटेमाला सिटीत उतरली आणि सरकारी व पक्षाच्या कचेऱ्यांमधली सुमारे दीड लाख कागदपत्रं त्यांनी गोळा केली. सूत्रं मॉस्कोतून हलत होती हे दाखवणारं काहीही त्यांच्या हाती लागलं नाही.

‘जमिनी लुबाडल्या’

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे. ग्वाटेमालात जेमतेम दोन टक्के जमीनमालकांकडे लागवडीयोग्य जमिनीपैकी ७० टक्क्यांहून अधिक जमीन होती. जून १९५२ च्या ‘डिक्री ९००’ या कायद्याने मोठ्या मळ्यांमधली पडीक जमीन सरकारने घ्यायची आणि भूमिहीनांना द्यायची असं ठरलं. ९० हेक्टरपर्यंतच्या शेतांना हात लावायचा नव्हता. कसलेल्या जमिनींनाही मोठं संरक्षण होतं. मोबदला २५ वर्षांच्या रोख्यांत, वर ३ टक्के व्याज. दोन वर्षांत सुमारे १ लाख कुटुंबांना जमीन मिळाली. आर्बेन्झ यांची स्वतःची जमीनही या कायद्यात गेली.

युनायटेड फ्रूट या अमेरिकी केळी कंपनीकडे साडेपाच लाख एकरांच्या आसपास जमीन होती आणि त्यातली सुमारे ८५ टक्के पडीक होती. केळीवर रोग पडला तर नवी जमीन लागते, असं कंपनीचं म्हणणं होतं. मोबदला कसा ठरला ते पाहा. जमिनीची जी किंमत मालकाने कर भरताना स्वतः लिहून दिली होती, तीच सरकारने ग्राह्य धरली. कंपनीने वर्षानुवर्षं कर वाचवायला किंमत कमी दाखवली होती. त्या हिशेबाने पहिल्या मोठ्या संपादनाचे सव्वासहा लाख डॉलर होत होते. अमेरिकी परराष्ट्र खात्याने कंपनीच्या वतीने १ कोटी ५८ लाख डॉलर मागितले. कर भरताना एक किंमत आणि मोबदला घेताना तिच्या २५ पट किंमत, यात लुबाडलं कुणी कुणाला?

शिवाय जमीनवाटप म्हणजे कम्युनिझम, हे खुद्द अमेरिकाही मानत नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये अमेरिकी जनरल मॅकआर्थर यांच्या देखरेखीखाली जमीनदारांची जमीन कुळांना मिळाली. तैवानमध्ये १९५३ साली अमेरिकेच्याच पाठबळाने तेच झालं. कसणाऱ्याला जमीन मिळाली की तो कम्युनिस्टांच्या नादी लागत नाही, हा युक्तिवाद अमेरिकी सल्लागारांचाच होता. ज्यांच्या घरी कूळकायद्याने जमीन आली, त्यांना यातला न्याय समजावून सांगावा लागणार नाही.

अमेरिकी परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांच्या वकिली फर्मने पूर्वी युनायटेड फ्रूटचं काम केलं होतं आणि त्यांचे बंधू ॲलन डलेस सीआयएचे प्रमुख होते. म्हणून काही जण सगळं खापर केळ्यांवर फोडतात. मला ते अपुरं वाटतं. जुलै १९५४ मध्ये अमेरिकी सरकारनेच या कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला. वॉशिंग्टनला कम्युनिझमची भीती खरोखर होती. ती भीती होती म्हणून ग्वाटेमालाबद्दलचा निष्कर्ष बरोबर ठरत नाही.

‘शस्त्रं मागवली म्हणून कारवाई झाली’

चेकोस्लोव्हाकियाची शस्त्रं घेऊन ‘आल्फहेम’ हे जहाज पुएर्तो बारियोस बंदराला लागलं १५ मे १९५४ रोजी. सरकार पाडण्याच्या सीआयएच्या मोहिमेला अमेरिकी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी मंजुरी दिली होती ऑगस्ट १९५३ मध्ये. आधी कोण, मग कोण, ते तारखाच सांगतात. अमेरिकेने कित्येक वर्षं शस्त्रविक्री बंद ठेवली होती, म्हणून ती दुसरीकडून आणावी लागली.

‘जनतेचा उठाव होता’

१८ जून १९५४ रोजी बंडाचे नेते कर्नल कास्तियो आर्मास शेजारच्या होंडुरासमधून आत शिरले तेव्हा सोबत पाचशेहून कमी माणसं होती. पैसा, शस्त्रं, विमानं, प्रशिक्षण सीआयएचं. ग्वालान या गावी ३० सैनिकांच्या तुकडीने १२२ हल्लेखोरांना दीड दिवस झुंजवून परत पाठवलं. पुएर्तो बारियोसमध्ये पोलीस आणि गोदी कामगारांनी हल्ला मोडून काढला. हल्लेखोरांची विमानं पडली तेव्हा आयझेनहॉवर यांनी आणखी दोन द्यायला सांगितलं. जनता उठलेली असती तर ही वेळ आली नसती.

खरी लढाई रेडिओवर झाली. ‘मुक्तीचा आवाज’ हे केंद्र १ मेपासून सुरू होतं. आपण ग्वाटेमालाच्या जंगलातून बोलतोय, असं निवेदक सांगत. कार्यक्रम मात्र फ्लोरिडात ध्वनिमुद्रित होत. हजारोंच्या फौजा राजधानीकडे निघाल्याच्या बातम्या तिथून सुटत. सैन्यातले अधिकारी आर्मासला भीत नव्हते. याला हरवलं तर मागून अमेरिकी सैनिक उतरतील, ही भीती त्यांना होती. त्यांनी लढायला नकार दिला आणि २७ जूनला आर्बेन्झ यांनी राजीनामा दिला.

‘देश वाचला’

सत्तेवर आलेल्या आर्मास यांनी आर्बेन्झ सरकारने वाटलेली जमीन परत घेतली आणि निरक्षरांचा मताधिकार काढला, म्हणजे बहुसंख्य मतदारांचाच. १९६० ते १९९६ यादवी चालली. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये २ लाखांहून अधिक माणसं मेली किंवा नाहीशी झाल्याचं सांगितलं. ज्यांची ओळख पटली त्यांत ८३ टक्के माया आदिवासी होते. नोंदलेल्या अत्याचारांपैकी ९३ टक्के सरकारी फौजा आणि त्यांच्या निमलष्करी टोळ्यांच्या माथी होते. अशा फौजांना पाठबळ देणं चूक होतं, असं त्याच वर्षी तेव्हाचे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ग्वाटेमालात जाऊन म्हटलं. यादवीपर्यंतचं सगळं १९५४ मुळेच घडलं असं मी म्हणणार नाही. पण मतपेटीतून बदल करायची वाट त्या वर्षी बंद केली गेली, आणि मग बंदुका निघाल्या.

कम्युनिझम तरी थांबला का? पुढे क्युबाच्या क्रांतीत लढलेले चे गेव्हारा १९५४ च्या जूनमध्ये ग्वाटेमाला सिटीतच होते. जुनं सैन्य जागेवर ठेवलं की ते उलटतं, हे त्यांनी तिथे पाहिलं, आणि क्रांतीनंतर क्युबात जुनं सैन्य मोडीत काढलं गेलं.

‘दुसरा मार्गच नव्हता’

होता, आणि तो याच आयझेनहॉवर सरकारने याच काळात वापरला. बोलिव्हियात १९५२ च्या क्रांतीनंतर नव्या सरकारने कथिलाच्या मोठ्या खाणींचं राष्ट्रीयीकरण केलं आणि १९५३ मध्ये जमीनदारांची जमीन वाटली. कामगार संघटनांमध्ये डावे जोरात होते. तिथे अमेरिकेने हेर आणि विमानं पाठवली नाहीत. त्या सरकारला धान्य आणि आर्थिक मदत दिली.