‘फोल्डिंग फोन सगळ्यांनाच हवाय, फक्त परवडत नाही’ म्हणे!

गेल्या आठवड्यात एक लांबलचक मेसेज तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला, एकदा तर आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवाल्या ग्रुपवर. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं, की साधा फोन आता संपला, लोकांना मनातून फोल्डिंगच हवाय, अडलंय ते फक्त किमतीवर. पुढे मुद्दे होते. सॅमसंगच्या मोठ्या ‘नोट’ फोनलाही लोक हसले होते, चीन बघा, भारतात ४८ तासांत दोन लाख बुकिंग झालं, मजबुतीचा प्रॉब्लेम सुटलाय, ॲपलचा येऊ दे मग बघा, आणि शेवटी, ज्याने एकदा फोल्डिंग वापरला तो परत साध्या फोनकडे जात नाही.

मी दोन वर्षांच्या आसपास फ्लिप (डबीसारखा मिटणारा फोल्डिंग) वापरलाय, त्यामुळे हे ‘आंबट द्राक्षं’ प्रकरण नाही हे आधीच सांगून टाकतो. आणि फोल्डिंग फोन वाईट असतात असंही मला म्हणायचं नाहीये. माझा आक्षेप त्या ‘हवाय’ शब्दावर आहे. आमच्या नाक्यावरच्या मोबाईलवाल्याला मी विचारलं होतं, फोल्ड जातात का रे? तो म्हणाला, “दादा, उघडून मिटून बघायला सगळे येतात. आपण पण बघतो मधनं मधनं. घ्यायच्या वेळेला मात्र गपचूप शेजारचा घेतात.” बघावासा वाटणं आणि हवा असणं यात फरक आहे एवढंच.

आता किमतीचं. हा मुद्दा सगळ्यांना पटतो कारण वरवर खराच वाटतो. सॅमसंगचा पहिला फोल्ड (पुस्तकासारखा उघडणारा) भारतात ऑक्टोबर २०१९ मध्ये आला तेव्हा १,६४,९९९ रुपयांना होता. जुलै २०२५ मध्ये फोल्ड ७ आला तो १,७४,९९९ ला. मधे एक-दोन वर्षं दीड लाखावर उतरला होता, परत चढला. म्हणजे महाग आहे यात वादच नाही. पण ‘फक्त’ किंमतच आडवी येत असती तर स्वस्त फोल्डिंग आल्यावर उड्या पडायला हव्या होत्या ना? आणि ते आले होते की! टेक्नोने २०२३ मध्ये फँटम व्ही फ्लिप ४९,९९९ ला आणला, २०२४ मध्ये इन्फिनिक्सने झीरो फ्लिप त्याच किमतीला आणला, मोटोरोलाचा रेझर ४० साठ हजारात होता. आता मला सांगा, तुमच्या लोकलच्या डब्यात, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत यातले किती दिसले? त्याच २०२४ च्या दिवाळी सेलमध्ये चाळीस हजाराच्या आसपास तीन वर्षं जुना आयफोन १३ मिळत होता आणि तो दिसतो सगळीकडे. लोकांकडे पन्नास हजार नव्हते असं नाही, होते, ईएमआयवर का होईना होते, पण ते त्यांनी जुन्या, सरळसोट, न मिटणाऱ्या फोनवर घातले. कोणी म्हणेल की टेक्नो-इन्फिनिक्सचं नाव नाही म्हणून. बरोबर आहे, पण मग अडलंय ते किमतीवर नाही, भरवशावर. मेसेजवाल्याने हे दोन्ही एकाच पोत्यात भरलंय.

नोटचं उदाहरण तर मला दर वेळी ऐकायला मिळतं. हो, २०११ मध्ये ५.३ इंचाचा गॅलक्सी नोट आला तेव्हा लोक हसले होते, कानाला पाटी लावून बोलतोय वगैरे. पण पुढचं कोणी सांगत नाही. वर्षाच्या आत, ऑगस्ट २०१२ मध्ये, सॅमसंगने एक कोटी नोट विकल्याचं जाहीर केलं, आणि २०१४ मध्ये ॲपललाच ५.५ इंचाचा आयफोन ६ प्लस काढावा लागला. तीन वर्षांत हसणारे गप्प. फोल्डिंगची सुरुवात २०१९ ला धरली (रॉयोलचा फ्लेक्सपाय २०१८ च्या शेवटी आला होता खरा, पण तो आता कोणाला आठवतोय) तर त्यानंतर पाच-सहा वर्षं उलटूनही जगात वर्षाला जे साधारण १२० कोटी स्मार्टफोन जातात त्यात फोल्डिंग शंभरात दोनसुद्धा भरत नव्हते. शिवाय नोटमध्ये लोकांना काही सोडावं लागत नव्हतं. तीच काच, तीच बॅटरी, उलट मोठी बॅटरी, फक्त आकार वाढला. फोल्डमध्ये आधी काय काय सोडायचं ते ठरवावं लागतं. फोल्ड ७ ची बॅटरी ४४०० एमएएच आहे, फोल्ड ३ पासून तेवढीच, आणि त्याच कंपनीच्या न मिटणाऱ्या एस२५ अल्ट्रात ५०००. स्क्रीन पावणेदोन पट आणि डबा लहान! बरं, फोल्ड ७ पातळ करायला स्क्रीनवर लिहायच्या एस पेनचा सपोर्टच काढून टाकला. म्हणजे मोठी स्क्रीन आहे पण तिच्यावर लिहायचं नाही. मग करायचं काय? बघायचं.

बघण्याचं पण बघूच, कारण मेसेजमध्ये ‘खिशात थिएटर’ असे शब्द होते आणि मला राहवेना म्हणून मी कागदावर हिशोब मांडला. फोल्ड ७ ची आतली स्क्रीन ८ इंच, पण ती जवळजवळ चौकोनी आहे, २१८४ बाय १९६८ पिक्सेल. एस२५ अल्ट्राची ६.९ इंच, लांबट. नेहमीचा १६:९ चा यूट्यूब व्हिडिओ फोल्डवर कर्णात साधारण ६.८ इंच दिसतो आणि अल्ट्रावर ५.९ च्या आसपास. म्हणजे फोल्डवर क्षेत्रफळात तिसरा हिस्सा मोठा, मान्य, तो फरक जाणवतो. पण थिएटरचा सिनेमा, तो रुंद पट्टीवाला २.३९:१ चा, लावला की उलटं होतं! फोल्डवर चित्राची रुंदी सहा इंचाच्या आत राहते आणि अल्ट्रावर सव्वासहा इंच मिळते. वर-खाली दोन जाडजूड काळ्या पट्ट्या आणि मधे अल्ट्रापेक्षा लहान सिनेमा, शिवाय मधोमध घडी. पावणेदोन लाखात. खिशात थिएटर म्हणे.

तरी एक कबूल करतो. ज्यांना ही चौकोनी स्क्रीन खरंच लागते असे लोक आहेत. माझा एक मित्र बिल्डरच्या साईटवर सुपरवायझर आहे, दिवसभर ड्रॉइंगच्या पीडीएफ उघडून स्लॅबवर उभा असतो, एका बाजूला ड्रॉइंग आणि दुसऱ्या बाजूला कॉन्ट्रॅक्टरचं व्हॉट्सॲप, टॅब सोबत घेऊन शिडी चढता येत नाही. त्याच्यासाठी फोल्ड हे अवजार आहे, तो त्याच्यावर दोन वर्षं खूश आहे आणि पुढचाही फोल्डच घेणार आहे. शेअर मार्केटवाले आहेत, चष्म्याचा नंबर वाढलेले पण वाचायची हौस असलेले काही ज्येष्ठ आहेत. पण हे ‘काही’ लोक झाले. मेसेजमध्ये ‘सगळे’ आहे.

आता त्या ४८ तासांतल्या बुकिंगबद्दल. आकडा खोटा नाही. जुलै २०२५ मध्ये फोल्ड ७, फ्लिप ७ आणि फ्लिप ७ एफई मिळून भारतात पहिल्या ४८ तासांत २ लाख १० हजार प्री-ऑर्डर आल्याचं सॅमसंगने सांगितलं होतं, आणि मी म्हणेन की आकडा दमदार आहे, मला स्वतःला एवढा वाटला नव्हता. पण तो तीन फोनचा मिळून आहे. बुकिंग करणाऱ्याला २५६ च्या भावात ५१२ जीबी मिळत होतं, म्हणजे १२ हजारांचा फायदा, वर बिनव्याजी हप्ते. ज्यांना घ्यायचाच होता ते साहजिकच पहिल्या दोन दिवसांत आले. आणि भारतात वर्षाला पंधरा कोटींच्या आसपास स्मार्टफोन विकले जातात हो. पहिल्या दिवसाची गर्दी बघून नाटक शंभर प्रयोग करणार असं छापायची घाई कशाला?

ही गर्दी खरंच एवढी पक्की असती तर बाकीच्या कंपन्या दुकान मांडून बसल्या असत्या. वनप्लसने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांचा ‘ओपन’ हा फोल्डिंग मुंबईत मोठा कार्यक्रम करून आणला, १,३९,९९९ ला, आणि फोन म्हणून तो चांगलाच होता, ज्यांनी घेतला ते अजून कौतुक करतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने सांगून टाकलं की त्या वर्षी फोल्डिंग काढणार नाही. त्याच सुमाराला ओप्पोने फाइंड एन५ हा फोल्डिंग काढला पण भारतात आणलाच नाही. धंदेवाला माणूस विकणारा माल मागे ठेवत नाही.

चीनचा मुद्दा त्यातल्या त्यात बरा आहे. तिकडे फोल्डिंग खरंच चालतात, २०२४ मध्ये नव्वद लाखांच्या आसपास गेले, आणि त्यातले जवळपास निम्मे एकट्या ह्वावेचे. पण हे ह्वावेचे का, ते बघा. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे जी कंपनी फोनच्या धंद्यातून जवळजवळ उठली होती ती २०२३ मध्ये स्वतःच्या चिपवर परत उभी राहिली, आणि तिचा महागातला महाग फोन खिशातून काढणं यात तिकडे अभिमान पण आहे आणि धंद्याच्या मीटिंगमधला रुबाब पण. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी तीन भागांत मिटणारा मेट एक्सटी १९,९९९ युआनला काढला तेव्हा विक्रीआधीच लाखांनी नावनोंदणी झाली, पण नोंदणीला एक पैसा भरायचा नव्हता. फुकट रांगेत कोण उभं राहत नाही? आणि एवढं सगळं होऊनही चीनच्या त्या वर्षीच्या २८ कोटींच्या वर फोनमध्ये हे तीन टक्के. ज्या देशाचा दाखला देताय तिथे शंभरातल्या सत्त्याण्णव जणांनी साधाच घेतला.

मजबुतीबद्दल बोलायचं तर सुरुवातीपेक्षा खूपच सुधारलंय, २०१९ च्या एप्रिलमध्ये परीक्षणाला दिलेले फोल्ड दोन-तीन दिवसांत बिघडले, काहींनी तर वरची फिल्म स्क्रीन गार्ड समजून सोलून काढली, आणि विक्री सप्टेंबरवर गेली. तसं आता होत नाही. पाच लाख वेळा उघडमिट केल्याचं सांगतात, तेही खोटं नसणार. पण फोन उघडमिट करून मरत नाही हो, तो पडून मरतो नाहीतर फटीत काहीतरी जाऊन मरतो. फोल्ड ७ चं धूळ-पाण्याचं रेटिंग आयपी४८ आहे. आठ म्हणजे पाण्यात पडला तर चालेल, पण चार म्हणजे एक मिलीमीटरपेक्षा मोठे कणच अडतील, त्याहून बारीक धुळीची हमी नाही. एस२५ अल्ट्रा आयपी६८, म्हणजे धूळही आत नाही. गुगलने पिक्सेल १० प्रो फोल्डमध्ये ६८ आणलं, म्हणजे जमतं, पण सगळ्यांना अजून जमलेलं नाही. आता दिवेआगर किंवा कळंगुटच्या वाळूत, किंवा नुसतं उन्हाळ्यात रस्त्याचं काम चालू असलेल्या कुठल्याही आपल्या शहरात, बारीक धूळ सोडून दुसरं आहे काय? पाण्यात फोन वर्षातून एकदा पडतो, धुळीत रोज असतो.

ॲपलचा येऊ दे मग बघा, यावर फार बोलत नाही. ॲपलचं नाव असलं की लोक घेतात हे खरं असतं तर २०२४ मध्ये आलेला ३,४९९ डॉलरचा, डोळ्यांवर चढवायचा व्हिजन प्रो घरोघरी दिसला असता. आणि आयफोन मिनी? ‘लहान फोन काढा, लहान फोन काढा’ म्हणून वर्षानुवर्षं ओरडणारे लोक होते, ॲपलने १२ मिनी काढला, १३ मिनी काढला, आणि २०२२ मध्ये १४ मिनी न काढता गुपचूप मोठा १४ प्लस आणला. मागणारे एक असतात, घेणारे वेगळे.

राहिला शेवटचा, ‘परत कोणी साध्या फोनकडे जात नाही’. मी गेलो.

खरं सांगायचं तर मी फ्लिप घेतला तो कॉलेजातल्या मोटोरोला रेझरच्या आठवणीने, २००४ चा तो व्ही३, जगात १३ कोटींच्या वर गेला होता आणि माझ्याकडे कधीच नव्हता, वर्गातल्या एकाकडे होता. पहिले सहा महिने मजा आली. शर्टाच्या खिशात मावायचा, बायकोला तर प्रचंड आवडायचा कारण तिच्या कुर्त्याच्या त्या नावापुरत्या खिशात राहणारा घरातला तो एकमेव फोन होता, आणि हा फायदा मी अजिबात हसण्यावारी नेत नाही, फ्लिप खऱ्या अर्थाने कोणाला हवा असेल तर तो बायकांना, त्यांचे खिसे शिवणाऱ्यांच्या कृपेने. पण हळूहळू लक्षात आलं की काहीही करायचं तर आधी उघडायला लागतंय. रिक्षावाल्याला पैसे द्यायचे, उघडा. ओटीपी बघायचा, उघडा. एका हातात भाजीची पिशवी असली की दाराच्या कडेला अडकवून उघडायचा, हे मी केलंय. वीसेक महिन्यांनी घडीवरची फिल्म मधोमध उचलायला लागली, पांढरी रेघ दिसायला लागली. सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “सर, फिल्मचं तसं काही नाही, बदलून देऊ, पण काढताना आतला डिस्प्ले गेला तर त्याचा चार्ज तुम्हाला लागेल.” चार्ज ऐकला. तेवढ्या पैशात नवा साधा फोन येत होता, तोच घेतला. जुना एक्स्चेंजला टाकावा म्हटलं तर त्या पांढऱ्या रेघेमुळे भाव असा सांगितला की मी तो परत घरी आणला.

आता तो आईच्या पलंगाशेजारी असतो, वायफायवर, भजनं लावायला. तिला तो उघडा ठेवला की पुस्तकाच्या स्टँडसारखा उभा राहतो ते आवडतं. फोन करायला मात्र तिचा बटणांचाच वापरते.