कुठला मारुती?

पुण्यात मुरलेला माणूस पत्ता सांगायला लागला की त्याचा रस्ता हमखास पाडलेल्या इमारतींवरून जातो. मंडईजवळची मिनर्व्हा टॉकीज जाऊन तिथे गाड्यांचं बहुमजली पार्किंग उभं राहिलं, त्यालाही जमाना झाला. पण आमच्या आईच्या पुण्यात तिथे अजून मॅटिनीचा खेळ चालू आहे. "मिनर्व्हावरून बाजीराव रोडला लाग," असं ती कुरियरच्या पोराला ठणकावून सांगते. पोरगा नांदेडहून पुण्यात नुकताच आलेला. तो नम्रपणे विचारतो, "काकू, मॅपवर मिनर्व्हा काय नावानं हाय?"

टॉकीजवर भागलं नाही की देव आहेतच. भिकारदास मारुती, पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा. आमच्यासाठी ही नावं म्हणजे अक्षांश-रेखांश. त्या पोराचा मात्र खुन्या मुरलीधर ऐकून आवाजच बसला. थोड्या वेळाने त्याचा पुन्हा फोन. "काकू, आलो बघा मारुतीपाशी."

"कुठला मारुती?"

पलीकडे शांतता. बहुधा तो निरखून बघत असावा. मग उत्तर आलं, "शेंदूर लावलेला."

उत्तर शंभर टक्के खरं होतं आणि काडीच्या उपयोगाचं नव्हतं.

"बरं, तू आत्ता आहेस कुठे?"

"इथंच हाय की."

"मग तिथून डावीकडे वळ," आई म्हणाली. हे 'इथं' आणि हे 'तिथून' यांच्या मधल्या गल्ल्यांत आमच्या मिक्सरचं भांडं फिरत होतं. शिवाय डावीकडे म्हणजे स्कूटरच्या तोंडाच्या डावीकडे की आईच्या, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही. शेवटी मी फोन घेतला आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली. त्याने वाचली: "येथे पत्ता विचारू नये." सबंध दुपारभरात एका पुणेकराचं म्हणणं त्या पोराला पहिल्या फटक्यात समजलं ते एवढंच.

हा वैताग नवा नाही. एकाच नावाची ढीगभर गावं आणि तऱ्हेतऱ्हेच्या लिप्यांत लिहिलेले पत्ते यांवर तोडगा म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने पिनकोड आखला आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून तो लागू झाला. सहा आकडे. पहिल्यावरून देशातला विभाग, शेवटच्या तीनवरून पोस्ट ऑफिस. ४११०३० लिहिलं की पत्र कन्याकुमारीहूनही सदाशिव पेठेत येणार, त्यात मारुतीची लुडबुड नाही. पण पोस्टातून पुढे वाड्यापर्यंतचा रस्ता पोस्टमनच्या डोक्यात असायचा. कोणाकडे मनीऑर्डर येते आणि कोणाची सून माहेरी गेली आहे, हेही त्याला ठाऊक. आता दर खेपेला नवा पोरगा, आणि त्याच्या डोक्यात हेल्मेटशिवाय आमच्या पेठेचं काहीही नाही.

मग चिरंजीव सरसावले. टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणलाय म्हणे. सगळ्या देशावर चार बाय चार मीटरच्या चौकटी आखल्या आहेत आणि प्रत्येक चौकटीला दहा चिन्हांचा स्वतंत्र क्रमांक. डोळ्यांना फसवणारी चिन्हं त्यात घेतलेलीच नाहीत. शून्य नाही, ओ नाही, एक नाही, आय नाही. अक्षरं फक्त आठ: सी, एफ, जे, के, एल, एम, पी, टी. कागदावर अगदी चोख. फोनवर वाचून दाखवा, म्हणजे कळेल.

"टी," चिरंजीव म्हणाले.

"पी?"

"नाही, टी. टी."

"दोन टी का एक टी?"

"एकच. पुढे सी."

"टीसी? रेल्वेतला?"

सी, पी, टी एका चालीचे; जे-के जुळे; एफ, एल, एम तोंडातून निघतात तेच एकमेकांचा हात धरून. आठच्या आठ अक्षरांत फोनवर एकटं ओळखू येईल असं एकही नाही, आणि त्यात पोरगा रहदारीत उभा. बरं, चौकट सापडली तरी ती जमिनीवरची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, हे डिजिपिनला सांगायची सोय नाही.

हे सगळं आई शांतपणे ऐकत होती. शेवटी तिने पदर खोचला, गॅलरीत गेली आणि "अरे ए मिक्सरवाल्याऽऽ, वर बघ!" अशी आरोळी ठोकली. पारव्यांचा थवा उडाला. समोरच्या बिल्डिंगमधली तीन माणसं गॅलरीत आली. आणि बरोबर खाली, आमच्याच दारात, फोन कानाला लावून उभ्या असलेल्या पोराने मान वर केली.

भांडं देऊन, सही घेऊन तो जिना उतरत होता तेवढ्यात त्याला त्याच्या जोडीदाराचा फोन आला. त्याचंही आमच्या खालच्या जोशीकाकांकडे पार्सल होतं आणि तोही कुठल्याशा मारुतीपाशी अडकला होता. जिन्यातून आवाज स्पष्ट वर येत होता.

"आरं, आत्ता एक काकू वरडल्या, ऐकू आलं का? हां, तीच बिल्डिंग. ये."

दोन मिनिटांत जोशीकाकांची बेल वाजली.