दगडी खलबत्त्याबद्दल फिरणारा संदेश आणि त्यातल्या चुका

‘मिक्सर काढून टाका, दगडी खलबत्ता आणा’ अशा अर्थाचा संदेश घरोघरच्या ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मिक्सरच्या उष्णतेने मसाल्याचे सगळे सत्त्व जळते, दगडातले लोह आणि कॅल्शियम वाटणात उतरून अंगी लागते, लसणीचा गुण बत्त्याने ठेचली तरच उतरतो, नवा खल मिठाच्या पाण्याने विसळला की लगेच वापरायचा, आणि खल दगडाचा, लोखंडाचा की पितळेचा, गुण तोच. खलबत्ता घरात असावाच. पण या कारणांसाठी नव्हे, आणि विसळून लगेच वापरायचा सल्ला तर दातांवर बेतणारा आहे.

आधी उष्णतेचे बघू. यात अर्धे खरे आहे. मिक्सरचे पाते मिनिटाला 18 ते 20 हजार फेरे घेते. कोरडा मसाला दोन मिनिटे सलग फिरवला तर भांडे हाताला चटका देते आणि झाकण उघडताच घरभर घमघमाट सुटतो. तो घमघमाट म्हणजे मसाल्यातून उडालेले सुगंधी तेल. म्हणूनच काही कारखान्यांत मसाले द्रवरूप नायट्रोजनने गारठवून दळतात. पण उडते ते तेल. धणे-मिरीतली खनिजे आणि तंतू एवढ्या उष्णतेने जळत नाहीत. तसे असते तर कढईत मसाला भाजतानाच सगळे संपले असते. तेल राखायचे तर भाजलेला मसाला पूर्ण गार होऊ द्या, 10 सेकंद फिरवा, थांबा, भांडे हलवा, पुन्हा 10 सेकंद. दळलेली पूड ताटात पसरून निवली की मगच बरणीत भरा. गरम भरलेल्या पुडीला बरणीत घाम सुटतो आणि गोळे होतात.

खरा फरक आहे तो तोडण्याच्या पद्धतीत. पाते कापते, बत्ता चेचतो. बत्त्याखाली मिरचीची साल फाटते, बी अर्धवट फुटते, रस सुटतो आणि तोच मिठात मुरतो. म्हणून ठेचा दाताखाली येतो. मिक्सरमधल्या ठेच्याची चटणी होते. मुंबईत लालबागच्या डंकांवर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रांवर, वर्षाचा मसाला कुटून घेतात, तिथे मोटर चालते आणि मुसळी लोखंडाच्या असतात. वीज आहे, दगड नाही, तरी लोक गिरणीतल्या पुडीपेक्षा डंकावरचाच मसाला मागतात, कारण तो कुटलेला असतो. लसणीबद्दलही संदेश उगाच हवा भरतो. लसणीच्या पेशी फुटल्या की आतले दोन घटक एकत्र येऊन ॲलिसिन तयार होते, तोच तो झणका. पेशी बत्त्याने फोडा की पात्याने, ते होतेच. फक्त ठेचल्यावर 5 ते 10 मिनिटे थांबून मग फोडणीत टाका. कडक तेलात लगेच पडली तर ही क्रिया अर्ध्यावर थांबते.

आता दगडातले लोह. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बसाल्ट, आणि त्यात लोह असते हे खरे. पण ते दगडातल्या सिलिकेट खनिजांच्या जाळ्यात घट्ट अडकलेले असते. पोटातले आम्ल दगडाच्या कणातून ते फारसे सोडवू शकत नाही. लोखंडी कढईत आमटी उकळते तेव्हा लोह उतरते, कारण तिथे आंबटपणा, उष्णता आणि वेळ तिन्ही असतात. दगडातून वाटणात काही उतरत असेल तर ती कच. प्राचीन इजिप्तमधल्या माणसांचे दात झिजलेले सापडतात, त्यामागे दगडी जात्यावरच्या पिठातली कच हे एक कारण मानले जाते.

म्हणून नवा खल माणसाळवावा लागतो, आणि सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. साबण लावू नका. दगडाची छिद्रे तो धरून ठेवतात. ताठ ब्रशने पाण्याखाली घासा, रात्रभर पाण्यात ठेवा, उन्हात वाळवा. मग मूठभर तांदूळ घालून, बत्ता गोल फिरवत, पूड होईपर्यंत घोटा. पहिली पूड राखाडी निघेल. ती फेका, खल धुवा, पुन्हा मूठभर. पूड पांढरी स्वच्छ निघेपर्यंत हे तीन-चार वेळा, कधी जास्तही करावे लागते. शेवटी लसूण, जिरे आणि खडे मीठ वाटून आतून चोळा, तासभर ठेवा, धुऊन टाका. तेल लावून ठेवू नका, ते खवट होते. जुन्या खलाला किंवा पाट्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीने खडबडीत करून, घेतली की हे सगळे पुन्हा करायचे.

‘कशाचाही खल चालतो’ हे तर साफ चूक. संगमरवर लिंबू, चिंच, कोकमाने खातो. पितळेत आंबट वाटू नये; कल्हई केली तरी घावांखाली ती टिकत नाही. लोखंडात ओली चटणी काळी पडते, पण सुंठ, मिरी, दालचिनी कुटायला तो उत्तम. चिनी मातीचा खल औषध घोटण्यासाठी आहे, त्यात कुटलेत तर तडकेल. विकत घेताना नखाने ओरखडा काढून पाहा. उठला तर तो शंखजिऱ्यासारखा मऊ दगड, परत ठेवा. ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसा. फडके काळे झाले तर रंग फासलेला आहे किंवा दगडच झडतो आहे. बसाल्टला मोठी भोके नकोत, त्यांत वाटण अडकून कुजते.

 

खल एक तृतीयांशच भरा. जास्त भरला तर दाणे उडतात, अगदी कमी असले तर बत्ता दगडावर आपटून कच निघते. आधी खडे मीठ आणि कोरडे, मग लसूण, मग मिरची, रसाचे शेवटी. वेलची थोड्या साखरेबरोबर कुटली की साल चिवट राहत नाही. खल ओट्याच्या मधोमध ठेवून कुटू नका, खाली पोकळ असेल तर ग्रॅनाइटची लादी तडकते. जमिनीवर, चार पदरी गोणपाटावर ठेवा.